त्र्यंबकचा पाऊस विरारला जातो की राजमहेंद्रीला? भारतातल्या नद्यांचा नकाशा, मुंबईहून बघताना

जुलै उजाडला की मुंबईत ठरलेली बातमी येते. कधी तुळशी आधी भरतो, कधी विहार, मग तानसा, मोडकसागर. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ पडतो, पाणीकपात टळली म्हणून चार जण अंगठा दाखवतात आणि विषय संपतो. पण या सात तलावांची यादी नीट पाहिली, तर मोडकसागर, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा हे तिन्ही एकाच नदीवर आहेत. विरारच्या पुढे डहाणू लोकल जिच्या पुलावरून खडखडत जाते, ती वैतरणा.

वैतरणेचा उगम नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकच्या डोंगरांत. आणि त्र्यंबक म्हटलं की मराठी माणसाला आठवते ती गोदावरी, ब्रह्मगिरीवरची. म्हणजे या दोघी माहेरच्या शेजारणीच. वैतरणा पश्चिमेला उतरते आणि दीडशेएक किलोमीटरमध्ये अरबी समुद्र गाठते. गोदावरी पूर्वेची वाट धरते आणि नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री करत १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण ८० किलोमीटरवर आहे. समुद्र इतका जवळ असताना तिने एवढी पायपीट का करावी?

शाळेत याचं उत्तर ‘सह्याद्री हा प्रमुख जलविभाजक आहे’ असं एका ओळीत देऊन दोन मार्क मिळवले जातात. उत्तर बरोबर आहे, पण त्याने काही उलगडत नाही. नदीला समुद्र कुठे आहे याचा पत्ताच नसतो. पाणी फक्त पुढच्या पावलाची जमीन खाली आहे की वर, एवढंच पाळतं. त्यामुळे भारतातल्या नद्या समजून घ्यायच्या तर नकाशावरचा निळा रंग बाजूला ठेवून उतार बघायला हवेत. आणि हे उतार बघण्यासाठी मुंबईसारखी सोयीची जागा देशात कमी असतील, कारण त्यातला सगळ्यात नाट्यमय उतार आपल्यापासून दोन तासांवर आहे.

एकाच डोंगराच्या दोन बाजू

कोकणातलं एखादं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. आढ्यावर पडलेला थेंब कुठल्या अंगणात पडणार हे आढ्याच्या कुठल्या बाजूला तो पडला त्यावर ठरतं. सह्याद्री म्हणजे असं आढं, फक्त दोन बाजू भलत्याच असमान. पश्चिमेची बाजू जवळजवळ उभी आणि आखूड, पूर्वेची हजार-बाराशे किलोमीटर पसरलेली आणि इतकी सपाट की उतार डोळ्यांना जाणवत नाही.

आकड्यांत सांगायचं तर नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथून गोदावरीला चौदाशेएक किलोमीटर जायचं आहे. किलोमीटरमागे उतार अर्ध्या मीटरपेक्षाही कमी पडतो. इकडे कसारा ते इगतपुरी या १४-१५ किलोमीटरच्या रेल्वेमार्गात गाडी तीनशेएक मीटर चढते. हा चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. म्हणून तर कसाऱ्याला गाडीच्या मागे ‘बँकर’ इंजिनं जोडतात आणि फलाटावर वडापाव घ्यायला वेळ मिळतो. कसाऱ्याच्या बाजूचे ओहोळ भातसा नदीकडे जातात, आणि भातसा धरणातून मुंबईच्या रोजच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा हिस्सा येतो. गाडी इगतपुरी ओलांडून पुढे गेली की खिडकीतले ओढे दारणेकडे निघालेले असतात, दारणा गोदावरीला मिळते. पाऊस एकच, ढगही तेच. पण मधल्या काही बोगद्यांमध्ये अर्धा देश बदललेला असतो.

हीच गोष्ट कर्जतच्या बाजूला आणखी मजेशीर दिसते. खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकरला चढणारे ट्रेकर ज्या ओढ्यांत पाय बुडवतात, ते पाणी उल्हास नदीत जाऊन वसईच्या खाडीला लागतं. तेच ट्रेकर वर पोचून देवळाजवळ भीमेच्या उगमाचं दर्शन घेतात, ते पाणी पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वळसा घालतं, रायचूरजवळ कृष्णेला मिळतं आणि आंध्रात समुद्रात जातं. महाबळेश्वरला तर पंचगंगेच्या देवळात एकाच गोमुखातून पाच नद्यांचं पाणी पडतं असं मानतात. त्यातल्या कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेच्या. सावित्री मात्र घाट उतरून महाडमार्गे बाणकोटच्या खाडीत जाते.

आता हे आढं आलं कुठून? सह्याद्री हा हिमालयासारखा घड्या पडून वर आलेला डोंगर नाही. पुणे-सातारच्या बाजूने तुम्ही सह्याद्रीकडे गेलात तर ‘डोंगर चढलो’ असं फारसं वाटतच नाही, जमीन हळूहळू उंच होत जाते आणि एकदम कडा येतो. तो पठाराचा तुटलेला काठ आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले आणि दख्खनचा काळा कातळ तयार झाला. अंधेरीची गिल्बर्ट हिल त्याच काळातली. त्याच सुमारास भारताचा पश्चिम किनारा सेशेल्सच्या भूखंडापासून तुटत होता. मादागास्कर त्याआधीच वेगळं झालं होतं. तुटताना काठ वर उचलला गेला आणि सगळं पठार पूर्वेकडे कललं. कडा नेमका कसा घडला आणि किती मागे सरकला यावर भूशास्त्रज्ञ अजून वाद घालतात, पण कल पूर्वेकडे आहे यात दुमत नाही. मुंबईत मात्र उलट चित्र आहे. पनवेलच्या पश्चिमेला हे लाव्ह्याचे थर समुद्राकडे झुकलेले आहेत. तुटलेल्या काठाचा खाली वाकलेला भाग म्हणजे आपलं शहर.

कल एकदा ठरल्यावर बाकी सगळं त्याच्यामागून आलं. गोदावरी, कृष्णा, कर्नाटकातल्या तळकावेरीहून निघणारी कावेरी, तिघींचा उगम पश्चिम घाटात आणि तिघी पूर्ववाहिनी. छत्तीसगडातल्या सिहाव्याला उगम पावणारी महानदी घाटातली नाही, पण तीही त्याच बाजूला कललेली. महाराष्ट्राचा जवळपास निम्मा भाग एकट्या गोदावरीच्या खोऱ्यात येतो. नागपूरची नाग नदीसुद्धा कन्हान, वैनगंगा, प्राणहिता असं करत शेवटी गोदावरीतच जाते. देशभराचा हिशोब केला तर सुमारे ७७ टक्के जमिनीचं पाणी बंगालच्या उपसागराकडे आणि उरलेलं २३ टक्के अरबी समुद्राकडे, असं भूगोलाची पुस्तकं सांगतात. अरबी समुद्राच्या काठी राहून आपल्याला हे विचित्र वाटतं खरं.

मग नर्मदा आणि तापी उलट कशा?

कारण त्यांनी कल पाळला नाही, भेग पाळली. विंध्य आणि सातपुडा यांच्यामध्ये जमीन दोन्ही बाजूंनी तडकून मधला पट्टा खाली खचला. त्या लांबट खळग्यातून नर्मदा अमरकंटकपासून भरूचपर्यंत १,३१२ किलोमीटर जवळजवळ सरळ रेषेत धावते. सातपुड्याच्या दक्षिणेला तशाच दुसऱ्या खळग्यात तापी, मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून सुरतेपर्यंत, ७२४ किलोमीटर. जळगाव-भुसावळचं पाणी म्हणूनच सुरतेला जातं, आणि अकोल्याची पूर्णाही तापीतच सामील होते. वऱ्हाडातला माणूस ‘आमची पूर्णा’ म्हणतो तेव्हा परभणीकरांची पूर्णा निराळी, हे लक्षात ठेवावं लागतं. ती गोदावरीची.

या भेगेमुळे मध्य भारतात काही ठिकाणी जलविभाजक फारच चमत्कारिक जागी येऊन बसला आहे. अमरकंटकच्या एकाच डोंगरातून नर्मदा पश्चिमेला खंबातच्या आखाताकडे जाते, शोण उत्तरेला जाऊन बिहारमध्ये गंगेला मिळते आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाचे ओढे महानदीच्या खोऱ्यात उतरतात. आपल्या मराठी इतिहासातलं उदाहरण घ्या. अहिल्याबाईंचं महेश्वर नर्मदेच्या काठावर. तिथून नव्वदएक किलोमीटरवर इंदूर. महेश्वरच्या घाटावर पडलेला पाऊस भरूचला जातो. इंदूरच्या राजवाड्यावर पडलेला पाऊस कान्ह नदीतून क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत, चंबळेतून यमुनेत आणि प्रयागराजला गंगेत जातो. होळकरांच्या एका संस्थानाचं पाणी दोन समुद्रांना वाटलेलं होतं.

पश्चिमेला जाणाऱ्या नद्यांच्या मुखाशी गोदावरी-कृष्णेसारखे सुपीक त्रिभुज प्रदेश नाहीत, खाड्या आहेत, हेही त्याच उतारातून येतं. गोदावरी शेकडो किलोमीटर रेंगाळत येते, गाळ आणते, राजमहेंद्रीच्या खाली हात पसरते आणि तो टाकते. ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये तिथेच धवलेश्वरमला बंधारा पूर्ण केला आणि पुढे सगळा गोदावरी जिल्हा भाताचं कोठार झाला. कोकणातल्या नद्यांना रेंगाळायला जागाच नाही. सकाळी घाटात पडलेला पाऊस दिवस मावळेपर्यंत खाडीत पोचलेला असतो, आणि तिथे भरती-ओहोटी दिवसातून दोनदा गाळ विसकटून टाकते. नर्मदा-तापी लांब आहेत, पण खंबातच्या आखातातली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी, शिवाय त्यांचं पात्र कठीण खडकात अडकलेलं.

आपल्या मिठीचं दुखणंही खाडीचंच आहे. तुळशीचं जास्तीचं पाणी विहारात, विहार आणि पवईचं जास्तीचं पाणी मिठीत, आणि मिठी जेमतेम १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत. तिच्या तोंडाशी भरती उभी असताना वरून मुसळधार झाला तर पाण्याला जायला वाटच राहत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी कुर्ला-कलिन्यात काय झालं ते वेगळं सांगायला नको. नदीच्या पात्रात भराव आणि बांधकामं होतीच. पण पात्र मोकळं असतं तरी भरतीच्या वेळी मिठी तुंबतेच, आणि हे लक्षात न घेता केलेली नुसती ‘नालेसफाई’ अर्धी गोष्ट आहे, असं माझं मत.

उत्तरेत गणित वेगळं

मुंबईकराला दिल्ली ‘वर’ वाटते. नकाशात ती वर असते एवढंच. दिल्ली समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास, लोणावळा सव्वासहाशे. लोणावळ्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढ्या उंचीवरून यमुनेच्या पाण्याला प्रयागराज, वाराणसी, पाटणा करत दीड-दोन हजार किलोमीटरवरचा बंगालचा उपसागर गाठायचा असतो. किलोमीटरमागे उतार पडतो दहा-पंधरा सेंटीमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. उत्तरेकडच्या नद्यांचं निम्मं वागणं या एका आकड्यातून समजतं.

हिमालय हा भारताचा भूखंड आशियाला जाऊन धडकल्यामुळे, साधारण पाच कोटी वर्षांपासून, वर येतो आहे आणि अजून थांबलेला नाही. नवा, ठिसूळ डोंगर. त्याच्या अंगावरून उतरणारी प्रत्येक नदी कोट्यवधी टन माती, रेती, गोटे घेऊन येते आणि डोंगराच्या पायथ्याशी उतार एकाएकी संपला की तिथेच टाकते. गंगेचं मैदान हे असंच टाकून टाकून भरलेलं आहे. आपल्या कृष्णा-भीमा काळ्या कातळात कोरलेल्या पात्रातून वाहतात, पूर आला तरी ओसरल्यावर पुन्हा त्याच जागी. उत्तर बिहारमधली कोसी तशी नाही. तिने गेल्या दोन-अडीचशे वर्षांत आपलं पात्र पश्चिमेकडे शंभरहून जास्त किलोमीटर सरकवलं. मग बांध घातले गेले, बांधांमध्ये गाळ साचून पात्र आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच झालं, आणि १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहाजवळ बांध फुटला तेव्हा नदी जुन्या, पूर्वेकडच्या वाटेने सुटली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या पूर आला नव्हता अशी गावं पाण्याखाली गेली. बांध उंच करत नेले की पूर थांबतो ही समजूत कोसीने फार महागात खोटी पाडली.

हिमालयाच्या पलीकडची एक गोष्ट मला त्र्यंबकसारखीच वाटते, फक्त अवाढव्य मापाची. कैलास-मानसरोवराच्या परिसरातून सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा निघतात, शरयूची वरची धार असलेली कर्णालीही तिथलीच. सिंधू वायव्येला लडाखकडे जाऊन शेवटी कराचीच्या बाजूला अरबी समुद्रात. ब्रह्मपुत्रा तिबेटमध्ये त्सांगपो या नावाने हजारभर किलोमीटर पूर्वेकडे जाते आणि ७,७८२ मीटर उंचीच्या नामचा बरवा शिखराला वळसा घालून एकदम दक्षिणेला कोसळते. तिबेटात तीन हजार मीटरच्या आसपास असलेली नदी अरुणाचलात पासीघाटला पोचते तेव्हा जेमतेम दीडशे मीटर उंचीवर असते.

प्रश्न असा पडतो की मध्ये एवढा डोंगर उभा असताना नदी आरपार गेली कशी? कारण नदी आधीची आहे, डोंगर नंतरचा. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा या हिमालयाच्या आधीपासून तिथून वाहत होत्या. जमीन वर येत गेली तशी नदी त्याच जागी खोल कापत गेली, आणि कापण्याचा वेग उचलण्याच्या वेगापेक्षा कमी पडला नाही. म्हणून या नद्यांच्या घळी इतक्या खोल आहेत.

पाण्याच्या बाबतीत तर दक्षिणेची नि उत्तरेची बरोबरीच नाही. देशातल्या नद्यांतून वर्षाला जेवढं पाणी वाहतं त्याचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघना या कुटुंबाचा. ब्रह्मपुत्रेचं पाणी आपल्या गोदावरीच्या साधारण पाचपट. आणि हे सगळं बर्फाचं नाही. ‘हिमालयातल्या नद्या बर्फावर चालतात’ हे वाक्य सिंधूच्या वरच्या भागासाठी खरं आहे. गंगेला उन्हाळ्यात बर्फ तगवतो, पण पाटण्याजवळून जे पाणी जातं त्यातलं बहुतेक जून ते सप्टेंबरमधल्या पावसाचंच असतं. देशाच्या वर्षभराच्या पावसातला सुमारे तीन-चतुर्थांश याच चार महिन्यांत पडतो.

सिंधूबद्दल थोडंसं. ती आणि तिच्या पाच मोठ्या उपनद्या, या सहांपैकी रावी, बियास, सतलज भारताला आणि सिंधू, झेलम, चिनाब प्रामुख्याने पाकिस्तानला, अशी वाटणी १९६० च्या करारात झाली होती. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो करार स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं. त्यानंतर ‘पाणी बंद केलं’ अशा मथळ्यांचा महापूर आला, पण करार कागदावर थांबवता येतो, चिनाबेचं पाणी थांबवायला धरणं आणि कालवे लागतात. डोंगराळ भागात ते बांधायला वर्षं जातात.

टीएमसी म्हणजे किती?

पावसाळ्यात कानावर सतत पडणारे दोन शब्द म्हणजे टीएमसी आणि क्युसेक. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३० कोटी. मुंबईला रोज साधारण ३८५ ते ४०० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. म्हणजे एक टीएमसी म्हणजे मुंबईचं आठवड्याचं पाणी, हे लक्षात ठेवलं की पुढच्या सगळ्या बातम्या कळू लागतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. धरणातून ५० हजार क्युसेकचा विसर्ग सुरू असेल तर साडेपाच तासांत एक टीएमसी गेला.

मुंबईचे सातही तलाव काठोकाठ भरले तरी सगळं मिळून ५१ टीएमसीच्या आसपास. एकट्या कोयनेची क्षमता १०५, जायकवाडीची १०२. आपण ज्याला मोठा साठा समजतो तो कोयनेच्या निम्मा.

आता कोयनेची गंमत. कोयना ही महाबळेश्वरची, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी, म्हणजे पूर्ववाहिनी. पण तिचं पाणी शिवाजीसागरात अडवून त्यातलं बरंचसं बोगद्यांतून घाटाखाली सोडलं जातं. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून पडतं, वीज तयार होते आणि पाणी वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्रात जातं. जे पाणी आंध्रात जायचं ते दाभोळच्या खाडीत! कृष्णा पाणी तंटा लवादाने या कामासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी मान्य केले. मुंबईला सव्वा वर्षाहून जास्त पुरेल एवढं हे पाणी.

याची सुरुवात कोयनेच्या कितीतरी आधी झाली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजगृह सुरू झालं. पुढे १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला तो याच साखळीतल्या धरणासाठी. हे सगळं पाणी मुळात इंद्रायणी-मुळेचं, म्हणजे भीमेचं, पंढरपूरकडे जाणारं. खोपोलीहून ते पाताळगंगेत जातं, भिवपुरीहून उल्हास नदीत, भिऱ्याहून कुंडलिकेत. कोलाडला भर उन्हाळ्यात राफ्टिंग चालतं ते यामुळेच. सकाळी वीजगृहातून पाणी सुटलं की ते कोलाडला पोचायच्या वेळी राफ्टवाले बोटी लावून तयार असतात, आणि पाणी ओसरलं की दिवस संपला. कल्याण, डोंबिवली, बदलापूर, उल्हासनगर उल्हास नदीतून पाणी उचलतात. त्यातला काही भाग भिवपुरीचा असतो. डोंबिवलीतल्या कुणाच्या तांब्यात चंद्रभागेचा वाटा असेल तर नवल नाही.

एकीकडे आपण घाटावरचं पाणी खाली सोडतो, आणि दुसरीकडे कोकणातून समुद्रात ‘वाया जाणारं’ पाणी वर मराठवाड्यात न्यायच्या घोषणा दर निवडणुकीत होतात. मागणी समजण्यासारखी आहे. कोकणाकडे राज्याची सुमारे दहा टक्के जमीन आणि पाण्याचा मात्र जवळपास निम्मा वाटा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात आणि पलीकडे उतरताना कोरडे असतात. मराठवाड्याने पाणी मागितलं तर त्यात गैर काय?

फक्त उताराचा हिशोब दोन्ही बाजूंनी करावा लागतो. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ६०० मीटर वर चढवायला किमान १.६ युनिट वीज लागते. पंपातली गळती धरली तर दोन युनिट. एका टीएमसीत २.८३ कोटी घनमीटर असतात. म्हणजे एका टीएमसीला साडेपाच-सहा कोटी युनिट, तेही पाणी वर पोचेपर्यंतच. म्हणून दमणगंगा-वैतरणा-गोदावरी किंवा नार-पार-गिरणा यांसारख्या योजनांमध्ये नदी शक्य तितकी वर, घाटमाथ्याजवळच अडवायचा विचार असतो, म्हणजे उपसा कमी आणि बाकी बोगदा. पण घाटमाथ्याजवळ नदी लहान असते. तिच्यात सगळ्या कोकणाचं पाणी नसतं, फक्त वरच्या थोड्या डोंगरांचं असतं. खाली उतरावं तसं पाणी वाढतं आणि विजेचं बिलही वाढतं. शिवाय हे पाणी चार महिन्यांत येतं. ते साठवायला धरण हवं, धरणाला जागा हवी, आणि ती जागा जव्हार-मोखाडा-सुरगाण्यातल्या आदिवासी पाड्यांची आणि जंगलाची असते. तानसा, भातसा, वैतरणा ही मुंबईची धरणं ज्या शहापूर-मोखाड्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर मार्च उलटला की टँकर येतात.

मुंबईच्या पुढच्या पाण्यासाठी गारगाई आणि पिंजाळ या दोन नद्यांची नावं घेतली जातात. दोन्ही पालघर जिल्ह्यातल्या, दोन्ही वैतरणेच्या उपनद्या. म्हणजे मुंबई पुन्हा त्याच त्र्यंबकच्या पश्चिम अंगाला गेली, जिथून पाणी पंपाशिवाय, आपल्या वजनाने शहराकडे येतं. १८९२ मध्ये तानसा बांधणाऱ्यांनी हेच पाहिलं होतं. मराठवाड्याकडे पाणी न्यायचं असेल तर योजनेच्या बातमीत किती टीएमसी यापेक्षा आधी किती मीटर, हा आकडा शोधायला हवा. बहुतेक बातम्यांत तो छापलेलाच नसतो.